हुबेहूब

११ ऑगस्ट, रविवार

आज 'हो' म्हणून बसले. लोस बोल्दोसच्या नगराध्यक्षपदाची पक्षाची उमेदवार: नीदिया सानुएसा, वय चोपन्न, आयुष्यभर मुलांना इतिहास शिकवलेली, सध्या निवृत्त. आरशात बघून दोनदा म्हणून पाहिलं. दुसऱ्यांदा बरं वाटलं.

पक्षाने प्रचार सांभाळायला कोन्सेप्सिओन शहरातून फाउस्तोला पाठवलंय. पोरगा हुशार आहे. शहरी बूट घालून आला आणि आमच्या चिखलात घसरला, पण घसरतानाही बोलायचा थांबला नाही. माझ्या जेवणाच्या टेबलावर गावाचा नकाशा पसरून म्हणाला, "खाणी बंद झाल्यापासून तुमच्या गावात दोनच गोष्टी वाढल्यात. बेकारी आणि कानुतो. कानुतोंच्या मतांवाचून तुम्ही काही येत नाही."

"तो शब्द या घराबाहेर काढू नकोस," मी म्हटलं. "हालेलुयावाल्यांना द्यायची शिवी आहे ती. शाळेत पोरं मला हेच म्हणून चिडवायची."

"तुम्हाला? का?"

मग सांगावं लागलं. आई हालेलुयावाल्यांच्या ख्रिस्ती मंडळीत होती. दर रविवारी गिटार, मेंडोलिन घेऊन सगळे कोपऱ्याकोपऱ्यावर उभे राहून साक्ष द्यायचे. मी पुढे, हातात डफ. थंडीत बोटं गारठायची, आणि वर्गातली मुलं समोरच्या फुटपाथवरून दात काढायची. सोळाव्या वर्षी मी डफ ठेवला तो ठेवलाच. आई गेली, तोपर्यंत आम्ही दोघी त्या विषयावर एक अक्षर बोललो नाही.

फाउस्तोचे डोळे चमकले. "म्हणजे तुम्हाला त्यांची भाषा येते!"

"यायची."

"पोहायला कोणी विसरतं का, बाई?"

मी त्या लोकांचा आदर करते. हे इथे लिहून ठेवते, कारण पुढचे दोन-अडीच महिने मला हे वाक्य फार वेळा म्हणावं लागणार आहे.

१४ ऑगस्ट

उबेरलिंदा मावशीकडे जाऊन आले. सख्खी मावशी नव्हे, आईची मैत्रीण. मंडळीतल्या बायका तिच्या शब्दाबाहेर नाहीत, म्हणून फाउस्तोच्या नकाशावर तिच्या घरावर लाल टिंब आहे.

मावशीला मात्र त्या टिंबाची काय कल्पना! दारातच मला मिठी मारली आणि तिथेच रडायला लागली. "तुझ्या आईचं नाक! अगदी तिचं नाक!" स्वयंपाकघरात लाकडाची शेगडी पेटलेली, वर किटली, टेबलावर घरचा जाड पाव आणि लोणी. माते, आमचा कडू पानांचा काढा, एकाच भांड्यातून प्यायलो, आळीपाळीने. तिची मुलगी केरेनही होती. ती सरकारी दवाखान्यात परिचारिका आहे आणि माझी विद्यार्थिनी. वर्गात हात वर न करता मधेच प्रश्न विचारायची. अजूनही तशीच.

"बाई, चौकातल्या लाउडस्पीकरचं काय करणार? व्यापारी म्हणतात, रविवारी आमच्या प्रवचनाने गिऱ्हाईक पळतं. तुम्ही बंद करणार का?"

"मी असेपर्यंत त्याला कोणी हात लावणार नाही," मी म्हटलं. मग, का कोण जाणे, पुढे जोडलं, "देवाची इच्छा असेल तर."

हे चार शब्द किती वर्षांनी तोंडात आले. मावशीचा चेहरा असा उजळला की विचारू नका. उठली, माझ्या डोक्यावर तळवा ठेवला आणि प्रार्थना सुरू. "प्रभू! माझ्या बापा! या लेकराकडे बघ! हिच्या आईने तुझ्या पायाशी गाळलेलं पाणी वाया जाऊ देऊ नकोस!" आवाज चढत चढत गेला, फाटला, मग नुसते हुंदके. तिचा खालचा ओठ थरथरतो, हनुवटी एका बाजूला ओढली जाते, नाकातून सूं सूं आवाज येतो. आईच्या वेळेपासून ती अशीच प्रार्थना करते.

माझ्या छातीत काहीतरी हललं. जुनी सवय, दुसरं काय! तिच्या हाताला धुराचा आणि पिठाचा वास होता.

फाउस्तोला सांगितलं. तो म्हणाला, "'देवाची इच्छा असेल तर' हे चालू ठेवा. फुकटात आहे."

२५ ऑगस्ट, रविवार

आज उपासनेला जाऊन बसले. आधी मंडळीचे धर्मगुरू, पाळक नेइरा, यांना भेटले होते. सत्तरीचे आहेत, पूर्वी खाणीत होते, अजून खोकतात. मी म्हटलं, मंडळीपुढे दोन मिनिटं बोलू द्याल का?

"नाही," ते म्हणाले. एवढंच. मग माझा चेहरा बघून त्यांनाच वाईट वाटलं असावं. "वाल्देबेनीतोसाहेबांनाही नाही म्हटलंय. नगराध्यक्ष असले म्हणून काय झालं. इथे उमेदवाराने येऊन बसावं, हरकत नाही. बोलायचं ते रस्त्यावर. वेदीवरून मतं मागायला लागलो तर उद्या मतांसाठी वेदी मागतील."

"पण तुमच्या लोकांना तुम्ही काही सांगत असालच ना, कोणाला मत द्यावं?"

"माझ्या लोकांना!" ते हसले, हसता हसता खोकले. "अहो, माझ्या घरात बायको माझं ऐकत नाही. काही म्हणतात, आपला माणूस उभा करू. काही म्हणतात, राजकारण जगाचं, आपण त्यात पडू नये. काहींना फक्त दवाखान्यात डॉक्टर हवाय. तुम्हाला काय वाटलं, आम्ही मेंढरं आहोत?"

मी 'छे, छे' म्हटलं. मला अगदी तसंच वाटत होतं.

मागच्या बाकावर बसले. गाणी मला पाठ होती, याचाच राग आला. शेवटी सगळ्यांनी हात वर करून तीनदा 'परमेश्वराचा गौरव असो' अशी आरोळी दिली, आणि माझा हात वर गेला. आपोआप गेला. असंच म्हणू या. दोन बाक पुढे मावशीने वळून पाहिलं आणि शेजारणीला कोपर मारलं.

दाराबाहेरून फाउस्तोने फोटो काढला होता. म्हणाला, लाखमोलाचा आहे.

३ सप्टेंबर

व्यापारी संघाची सभा. अमादेओ अध्यक्ष आहेत. त्यांचं चौकात हार्डवेअरचं दुकान आहे, मालक सज्जन, बोलणं गुळासारखं. "बाई, आमचा कोणाच्या देवाला विरोध नाही. पण देव बहिरा आहे का हो? लाउडस्पीकर कशाला?" सगळे हसले. मीही हसले.

मी म्हटलं, सार्वजनिक ठिकाणी ध्वनिवर्धकाला नियम हवाच, निवडून आले की पहिल्या महिन्यात करते. टाळ्या पडल्या.

हे खोटं नाही. मी मावशीला सांगितलं, हात लावणार नाही. यांना सांगितलं, नियम करीन. वेळ ठरवून दिली, आवाज ठरवून दिला, तर दोन्ही गोष्टी खऱ्या होतात. याला मध्यम मार्ग म्हणतात. मग घरी येताना चौकातून न येता मागच्या गल्लीतून का आले, कोण जाणे. पाऊसही नव्हता.

१२ सप्टेंबर

मावशीकडे चहा. भोपळ्याच्या तळलेल्या सोपाइपिया, वर पेब्रेची तिखट चटणी. मायलेकींचं जुंपलं आणि मी खात बसले.

केरेन म्हणत होती, "आपण कर भरतो, रांगा लावतो, आपली मुलं त्याच शाळेत जातात. मग मत देताना देवाला दाराबाहेर चपलांपाशी ठेवून जायचं का? खाणकामगार युनियनचं ऐकून मत द्यायचे, त्याला जागृती म्हणायचं. बाई पुस्तकं वाचून देतात, त्याला विचार म्हणायचं. आणि मी विश्वासाने दिलं की मागासलेली!"

"मी असं कधी म्हटलं?" मी विचारलं.

"म्हटलं नाहीत, बाई. तुमच्या भुवया म्हणतात."

मावशी शेगडीजवळून ओरडली, "पुरे गं! राजकारण हे जगाचं. आपलं नागरिकत्व स्वर्गात. तुझ्या बापाची दारू कोणी सोडवली, नगरपालिकेने? प्रभूने सोडवली."

"तेच म्हणतेय मी, आई! ज्याने आपलं घर वाचवलं त्याला विसरून मत कसं द्यायचं?"

"विसर कोण म्हणतंय? पण त्याचं नाव घेऊन दुसऱ्याच्या डोक्यावर बसायचं नाही. ते लोक उद्या आपल्या डोक्यावर बसले तर?"

"ते आजच बसलेत!"

दोघी माझ्याकडे वळल्या. "तुला काय वाटतं गं?" मावशीने विचारलं. खरंच ऐकायचं होतं तिला. पावाचं पीठ लागलेले हात तसेच हवेत धरून उभी होती.

मी म्हटलं, "दोघींच्याही म्हणण्यात तथ्य आहे." दोघींचे चेहरे एकदम मिटले. का, ते कळलं नाही. उत्तर तर चांगलं होतं.

फाउस्तोसाठी टिपून ठेवलं: केरेनचा गट वेगळा, म्हाताऱ्यांचा वेगळा, दोन वेगळी पत्रकं काढावीत.

२२ सप्टेंबर, रविवार

आमच्या स्वातंत्र्यदिनाच्या सुट्टीनंतर पक्षाच्या मंडळींनी कोन्सेप्सिओनला जेवायला बोलावलं होतं. बागेत कोळशावर भाजलेलं मांस, खिम्याच्या एम्पानादा, लाल वाइन. सगळे शिकलेले, बोलके, आपले लोक. कितीतरी दिवसांनी शब्द मोजून न बोलता बसता आलं.

एकाने विचारलं, "नीदिया, तू त्या हालेलुयावाल्यांना कसं गं पटवतेस? आम्हाला तर दारात उभं करत नाहीत."

मी म्हटलं, "पटवत नाही. त्या बायकाच मला पटवतात." आणि उठून करून दाखवलं. एकाच्या टकलावर तळवा ठेवला. "प्रभू! माझ्या बापा! या लेकराकडे बघ!" ओठ थरथरवला, हनुवटी ओढली, नाकातून सूं सूं केलं. मग हात हलवत, "अगं बाई, अगदी आईचं नाक!" लोक हसून हसून गडाबडा लोळायचे बाकी होते. एक बाई डोळे पुसत म्हणाली, "शिक्षिका कसली, तू नटी व्हायला हवी होतीस." मी पुन्हा केलं. त्यांनी मागितलं म्हणून.

बसमध्ये तोंडाला चव नव्हती. वाइन स्वस्तातली असावी.

२६ सप्टेंबर

कोणीतरी मोबाइलवर घेतलं होतं. गावभर झालंय. मीही पाहिलं, एकदाच.

२७ सप्टेंबर

पावाच्या दुकानात गेले तर सगळे एकदम गप्प. बसथांब्यावर शाळेच्या गणवेशातली चार मुलं एकमेकांच्या डोक्यावर हात ठेवून 'प्रभू! माझ्या बापा!' करत होती. हनुवटी ओढून. माझ्यावरून शिकलेली. मी 'ए, गप्प बसा' म्हणणार होते, इतकी वर्षं म्हणत आले तसं. त्यांतल्या एकीने माझ्याकडे बघून अंगठा वर केला. कौतुकाने.

फाउस्तो आला. घाबरलेला नव्हता. "रविवारी देवळात जाऊन माफी मागायची. रडू आलं तर उत्तम. क्षमा करणं हा तर त्यांचा धंदाच आहे."

मी त्याला बाहेर काढायला हवं होतं. विचारलं काय, तर कुठल्या रंगाचे कपडे घालू.

२९ सप्टेंबर, रविवार

गेले. करडा कोट घालून. फाउस्तो कॅमेरा घेऊन रस्त्यापलीकडे उभा.

पाळक नेइरा पायरीवरच भेटले. त्यांनी आधी त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "कोणाची माफी मागायला आलात?"

"मंडळीची."

"मंडळीचं आपण नंतर बघू. जिची नक्कल केलीत ती आज आलेली नाही. गेली चाळीस वर्षं ती चुकलेली नाही." त्यांचा आवाज अजिबात चढला नाही. "तिच्याकडे जा. आणि त्या पोराला म्हणावं, यंत्र घरी ठेव."

फाउस्तोला परत पाठवलं. रस्ता चढून मावशीकडे गेले. वाटेत तीनदा वाटलं, वळावं.

तिने दार उघडलं, मिठी मारली नाही, पण 'ये' म्हणाली. किटली ठेवली. पाव कापला. माते मात्र केलं नाही, दोन वेगळ्या कपांत चहा ओतला. मी पाठ केलेलं बोलायला लागले: मावशी, माझं चुकलं, मी तुमच्या विश्वासाचा अपमान केला, वगैरे. ती ऐकत होती की नाही, कळेना. लोणी पुढे सरकवलं. मग माझ्याकडे न बघता विचारलं,

"नीदिया, रडताना माझं तोंड असं वाकडं होतं का गं?"

मी म्हटलं, "नाही मावशी, मुळीच नाही."

"सगळे म्हणतात, तू हुबेहूब केलंस."

मी कप खाली ठेवला. ती म्हणाली, "मला कधी कोणी सांगितलंच नाही. एवढी वर्षं चौकात उभी राहिले, सगळ्यांसमोर. लुसियोनेही कधी सांगितलं नाही. मरेपर्यंत." लुसियो म्हणजे तिचा नवरा. उठून तिने शेगडीत लाकूड घातलं आणि तिथेच, माझ्याकडे पाठ करून उभी राहिली. मी जाईपर्यंत.

माफी मागितली की हलकं वाटतं म्हणतात.

६ ऑक्टोबर

आठवडाभर काही लिहिलं नाही. लिहिण्यासारखं पुष्कळ झालं.

केरेन दवाखान्याच्या गणवेशातच घरी आली. बस म्हटलं तर बसली नाही. "अमादेओसाहेब काल दवाखान्यात रक्तदाब मोजायला आले होते. खुशीत होते. म्हणाले, तुमचा लाउडस्पीकर आता संपला, बाईंनी शब्द दिलाय. खरं आहे?"

मध्यम मार्ग समजावायला सुरुवात केली. तिने ऐकून घेतलं, मी वर्गात तिचं ऐकून घ्यायचे तसं.

"बाई, आईची नक्कल केलीत त्याचा मला राग आहेच. पण ते घरातलं भांडण. ती तुमची मावशी आहे, माफ करील नाहीतर करणार नाही. माझा राग वेगळा आहे. त्या दिवशी आम्ही दोघी तुमच्यापुढे भांडलो. खरं बोललो. तुम्ही सोपाइपिया खात होता आणि मनात आमची दोन पत्रकं छापत होता. आली ना दोन पत्रकं! आईला एक, मला एक. आम्ही एकाच घरात राहतो, बाई. टेबलावर शेजारी शेजारी ठेवून वाचली."

मी खाली बघितलं.

"आमच्यासारखे हात वर करा, देवाचं नाव घ्या, असं तुम्हाला कोणी सांगितलं होतं? आईने? पाळकांनी? नसेल विश्वास तर नाही म्हणायचं. आम्ही काय, रोज तुमच्यासारख्यांबरोबरच काम करतो. आम्हाला वाटलं होतं, बाई आमच्याशी वाद घालतील. शाळेत घालायच्या. वाद घालणं हाही मानच असतो. तुम्ही तर आम्हाला चुचकारलंत. शेजाऱ्याच्या कुत्र्याला चुचकारतात तसं."

दार लावून गेली. आपटलं नाही. आपटलं असतं तर बरं वाटलं असतं.

१६ ऑक्टोबर

आज रेडिओवर समोरासमोर चर्चा. मी आणि वाल्देबेनीतो. त्यांनी पहिल्याच वाक्यात व्हिडिओ काढला. ते अपेक्षित होतं. फाउस्तोने उत्तर लिहून दिलं होतं, 'कुटुंबातली एक प्रेमळ गंमत' अशा शब्दांत. कागद समोर होता. मी तो वाचू शकले नाही.

मी म्हटलं: मी विश्वास ठेवणारी नाही. सोळाव्या वर्षापासून नाही. उपासनेत हात वर केला तो मतांसाठी. 'देवाची इच्छा असेल तर' म्हणाले तेही मतांसाठी. चौकाबद्दल मी मंडळीला एक सांगितलं आणि व्यापाऱ्यांना दुसरं. एका म्हाताऱ्या बाईने माझ्यासाठी मनापासून प्रार्थना केली आणि मी तिचं सोंग करून लोकांना हसवलं. आता चौकाबद्दल माझं खरं मत सांगते: रविवारी सकाळी एक तास लाउडस्पीकरसह मंडळीचा, बाकी वेळ शांतता. दोघांनाही हे आवडणार नाही. नियम करण्याआधी दोघांना एका टेबलावर बसवीन. तिथे तुम्ही तुमच्या देवासकट बसा, मी माझ्या पुस्तकांसकट बसेन.

निवेदकाने काचेपलीकडे खूण केली. मग जाहिरात लागली.

फाउस्तो गाडीत म्हणाला, "झालं. शंभर टक्के पडलो." गावाच्या वेशीपर्यंत तो फोनवर आकडे चाळत होता. मग म्हणाला, "माझी आजी कानुतो होती. शाळेत मी कोणाला सांगितलं नव्हतं." बस्स. उतरून गेला.

खरं बोलल्यावर मला जरा ताठ चालता येईल असं वाटलं होतं. पण लोक रस्त्यात हात मिळवायला लागले. 'शाब्बास बाई, हिंमत लागते!' मला दिवसभर शाब्बासकी मिळाली. मावशीची फजिती परत एकदा रेडिओवरून सांगितल्याबद्दल.

२१ ऑक्टोबर

वाल्देबेनीतोंच्या प्रचाराची गाडी आजपासून गावात फिरतेय. भोंग्यावर माझाच आवाज: 'प्रभू! माझ्या बापा!' हुंदके, सूं सूं, लोकांचं हसणं. मग निवेदक, 'ही बघा तुमची उमेदवार!' मग पुन्हा पहिल्यापासून. मावशीच्या चढणीवरूनही दिवसातून कितीदा जाते.

त्यांना फोन केला, हे थांबवा म्हणून. "आवाज तुमचा आहे, बाई," ते म्हणाले.

२७ ऑक्टोबर, रविवार

निवडून आले. थोड्याच मतांनी. घरात गर्दी, गाणी, फाउस्तो खुर्चीवर उभा. "खरेपणा जिंकला!" ओरडत होता. केरेन भेटेपर्यंत मीही तेच मनाशी धरून ठेवलं होतं.

मोजणीच्या शाळेतून बाहेर पडताना केरेन भेटली होती. अभिनंदन केलं, कोरडं. मी म्हटलं, "तुमच्या वस्तीच्या मतपेट्यांनी मला तारलं. रेडिओवर मी जे बोलले..."

"रेडिओमुळे नाही, बाई." तिने मला पूर्ण बोलू दिलं नाही. "काही जणांना ते आवडलं, नाही असं नाही. पण ती गाडी. तुम्ही एकदा हसलात. वाल्देबेनीतो आठवडाभर आमच्या दारावरून हसत फिरला. बायका खिडक्या लावून घ्यायच्या. म्हणून त्याला पाडलं."

"आणि मावशी?"

"आईने मत दिलं. कोणाला, ते मी विचारलं नाही. तुम्हीही विचारू नका."

म्हणजे ज्या हुंदक्याचं मी सोंग केलं, त्याच्याच जोरावर मी आज निवडून आले. आत सगळे नाचताहेत. मी न्हाणीघरात बसून हे लिहिते आहे.

६ डिसेंबर

शपथविधी. आमच्याकडे दोन्ही चालतं, देवाच्या नावाने 'शपथ घेते' किंवा नुसतं 'वचन देते'. पक्षाचे लोक म्हणाले, शपथ घे, लोकांना बरं वाटेल. मी वचन दिलं. सभागृहात जरा कुजबुज झाली.

नंतर पाळक नेइरा रांगेत उभे राहून आले. हात हातात घेतला. "बरं केलंत. ज्याला मानत नाही त्याचं नाव घेणं, हे आम्हाला जास्त लागलं असतं."

मी विचारलं, "उबेरलिंदा मावशी कशा आहेत?"

"येते. बसते," ते म्हणाले, आणि खोकला आला म्हणून बाजूला झाले.

१८ डिसेंबर

शब्द दिल्याप्रमाणे दोन्ही पक्षांना एका टेबलावर बोलावलं. डिसेंबर म्हणजे आमच्याकडे उन्हाळा, खिडक्या उघड्या होत्या. एकीकडे अमादेओ आणि दोन दुकानदार. दुसरीकडे पाळक, केरेन, आणि सगळ्यांत कडेला मावशी. काळा स्वेटर, हात मांडीवर. माझ्याशी बोलली: "कशी आहेस? बारीक झालीस."

मी मसुदा वाचला. रविवारचा तास मंडळीचा, लाउडस्पीकरसह. त्याला कोणी हरकत घ्यायची नाही. बाकी वेळेचे नियम खाली. मनात म्हटलं, या वेळी तरी नीट केलं.

अमादेओंनी कुरकुर करायला तोंड उघडलं, तेवढ्यात पाळक म्हणाले, "त्या तासाची गरज नाही, नगराध्यक्षबाई. आम्ही चौकात जायचं थांबवलंय."

मला समजलं नाही. "का? तुमचा हक्क आहे तो."

पाळकांनी केरेनकडे पाहिलं. केरेन टेबलाकडे बघत म्हणाली, "प्रार्थना सुरू झाली की समोरून पोरं तेच करतात. आता मोठेही करतात. बारमधून येतात, डोक्यावर हात ठेवतात. लाउडस्पीकरमध्ये दोन्ही आवाज येतात. भगिनी उभ्या राहायला तयार नाहीत."

"मी पोलीस ठेवीन," मी म्हटलं. "मी स्वतः उभी राहीन. पोरांच्या शाळेत जाऊन बोलेन."

"कशाला गं?" मावशी म्हणाली. पहिल्यांदाच. रागाने नाही, कंटाळल्यासारखी. "हसू नका म्हणून हुकूम काढलास तर आत हसतील. आम्ही आपलं दार लावून गातो. ठीक आहे तेही."

केरेन म्हणाली, "मला नाही ठीक वाटत, आई."

"तुला नाही वाटणार. तुझं तोंड चांगलं आहे."

 मसुद्यावर सह्या झाल्या, मी आग्रह धरला म्हणून. तो तास त्यांच्याच नावावर आहे. हवा तेव्हा घ्या म्हटलं. पाळकांनी मान हलवली. मावशी जाताना जिन्यावर थांबली, कठड्याला धरून, मग एकेक पायरी उतरून गेली. मी सोबत जायला पुढे झाले तर केरेनने हाताने थांबवलं.

२२ डिसेंबर, रविवार

सकाळी मंडळीच्या तासाला चौकात जाऊन बसले. बाकावर, एकटी. ऊन छान होतं. नाताळासाठी दुकानांनी दिव्यांच्या माळा लावल्यात. लोक आईस्क्रीम खात फिरत होते. कोणी आलं नाही. येणार नव्हतंच.

अमादेओ दुकानातून बाहेर आले. काखेत केकचा डबा, लाल रिबीन बांधलेला. व्यापारी संघाकडून, सणाची भेट.

"बाई, खरं सांगतो, मी तुम्हाला मत दिलं नव्हतं," ते म्हणाले. "पण आज मानलं. किती वर्षांचा तंटा! पोलीस नाहीत, दंड नाही, कोणाचं मन दुखवलं नाही, आणि चौक बघा कसा शांत केलात."

मी डबा घेतला. "आभारी आहे," म्हटलं.